पहाटेचं पहिलं मिनिट

ज्यांच्या घरी कधीकाळी बजाजची चेतक होती, त्यांना एक विधी नक्की आठवेल. थंडीच्या दिवसांत स्कूटर सुरू होईना की वडील तिला एका बाजूला पार झुकवायचे, क्षणभर तशीच धरायचे, सरळ करायचे आणि किक मारायचे. आणि ती चक्क सुरू व्हायची! का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “पेट्रोल उतरतं.” उत्तर बरोबरच होतं. झुकवल्यावर कार्ब्युरेटरमधलं थोडं जास्तीचं पेट्रोल इंजिनाच्या वाटेला लागायचं. आज तेच काम गाडीतला संगणक करतो. तुम्ही चावी फिरवता आणि सेकंद पुरा व्हायच्या आत त्याने ते उरकलेलं असतं. त्यात कुठे चूक झाली, तर इंजिन पेटतं खरं, पण थरथरत, गचके खात. गॅरेजच्या भाषेत, गाडी ‘मिसिंग मारते’.

पण थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल लागतंच कशाला?

त्याचं कारण असं की सिलिंडरमध्ये जळते ती पेट्रोलची वाफ, द्रव पेट्रोल नव्हे. शिवाय पेट्रोल हा काही एक पदार्थ नाही, ती शेकडो हायड्रोकार्बनांची मिसळ आहे. त्यातले काही ३०-४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, काही पार २०० अंशांपर्यंत दाद देत नाहीत. इंजिन तापलेलं असलं की हे सगळे निमूट वाफ होतात. पण निफाडसारख्या ठिकाणी काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांखाली जातो. अशा पहाटे हलके घटक तेवढे उडतात आणि बाकीचं पेट्रोल थंड धातूला चिकटून बसतं. म्हणजे मोजून बरोबर माप दिलं, तरी ठिणगीच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं. यावर उपाय अगदी रांगडा आहे: इतकं ओता, की उडेल तेवढा भागसुद्धा पुरेसा व्हावा. पहिल्या काही आवर्तनांत इंजेक्टर नेहमीच्या कित्येक पट पेट्रोल फवारतो.

आता या कामाचा वेग पाहा. गरम झालेलं इंजिन उभ्या जागी मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. चार सिलिंडरचं इंजिन असेल, तर सेकंदाला जवळजवळ २७ स्फोट झाले! आपल्याला हे सगळं मिळून एक सलग गुणगुण ऐकू येते. त्यातले दोन-तीन फुसके निघाले, तरी ते स्टिअरिंग धरलेल्या हातांना लगेच कळतं. तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीत तर सेकंदाला २०च स्फोट होतात, त्यामुळे एकाने दांडी मारली तरी जास्त जाणवतं.

याहून मोठी गंमत पुढे आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण साधलंय की नाही, ते संगणकाला सांगतो सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर. जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, ते तो बघतो आणि त्यावरून पुढचा फवारा कमी-जास्त होतो. १९७६मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत बॉशचा असा सेन्सर पहिल्यांदा बसला. पण त्यातला झिर्कोनिया नावाचा पदार्थ ३०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय बोलतच नाही. म्हणजे ज्या मिनिटाला संगणकाला मार्गदर्शनाची सर्वांत जास्त गरज, त्याच मिनिटाला त्याचा डोळा मिटलेला! तेवढा वेळ तो कंपनीने भरून दिलेल्या तक्त्यांवर आणि आधीच्या प्रवासांत शिकलेल्या दुरुस्त्यांवर काम भागवतो.

आणि हे तक्ते वाचायचे कशाच्या भरवशावर? मुख्यतः बोटाच्या पेराएवढ्या एका वस्तूच्या. कूलंटमध्ये बुडवलेला हा तापमानाचा सेन्सर म्हणजे, खरं सांगायचं तर, साधा विद्युतरोध आहे. थंडीत रोध वाढतो, उष्णतेत घटतो. बऱ्याच गाड्यांत तो शून्य अंशाला पाच-सहा हजार ओहम, २० अंशांना अडीच हजारांच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या जवळ असतो. बस, एवढ्यावर सगळा कारभार. आता समजा हा सेन्सर बिघडला आणि पहाटे ५ अंशांत “इंजिन तापलेलं आहे” असं खोटं सांगू लागला. संगणक हात आखडतो, पेट्रोल कमी पडतं, गाडी कुडकुडते. उलट खोटं बोलला, तर भर दुपारीही पेट्रोलचा पूर, काळा धूर आणि भिजलेले प्लग. तपासणी मात्र शाळेतल्या प्रयोगाइतकी सोपी आहे. सेन्सर काढायचा, आधी गार आणि मग गरम पाण्यात बुडवायचा आणि मल्टिमीटरवर आकडा बघायचा.

थांबा, सगळीच थरथर हा बिघाड नसतो. सुरू केल्या केल्या फेऱ्यांचा काटा १२००-१५००पर्यंत चढतो आणि इंजिन जरा दांडगाईने वाजतं, ते पुष्कळदा मुद्दाम केलेलं असतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर २५०-३०० अंशांना पोचेपर्यंत जवळजवळ निकामी असतो, त्यामुळे गाडीच्या विषारी धुराचा मोठा वाटा याच पहिल्या एक-दोन मिनिटांत बाहेर पडतो. म्हणून संगणक ठिणगी जाणूनबुजून उशिरा पाडतो. स्फोटाचा जोर त्यामुळे कमी होतो, पण उरलेली उष्णता धुराबरोबर थेट कन्व्हर्टरकडे जाते. म्हणजे हवा स्वच्छ राहावी म्हणून इंजिन काही क्षण आपणहून वाईट चालतं! मला तर या सबंध प्रकरणातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

मग खरा बिघाड ओळखायचा कसा? आवाज वरचा, पण एकसारखा असेल, तर निर्धास्त राहा. काटा वर-खाली नाचत असेल, इंजिन बंद पडू बघत असेल, तर शोध घ्यायला हवा.

पहिला संशयित हवेची गळती. इंजिन हवा ओढून घेतं आणि ज्या पाइपांतून ओढतं, त्यांचं रबर वर्षांनुवर्षं तापून-निवून कडक होतं, चिरतं. फुटक्या नळीने शहाळं प्यायला गेलात तर काय होतं? पाण्याबरोबर वाटेतली हवाच जास्त तोंडात येते. इथेही तसंच होतं. हवा मोजणारा सेन्सर वाटेच्या तोंडाशी बसवलेला असेल, तर चिरेतून शिरलेली हवा त्याच्या हिशेबात येतच नाही आणि पेट्रोल कमी पडतं. पण मग अशी गाडी पुष्कळदा दोन मिनिटांनी सुधारते, ती कशी? चीर का बुजली? मुळीच नाही! ऑक्सिजन सेन्सर जागा होतो, हवा जास्त झाल्याचं ओळखतो आणि संगणक तेवढं पेट्रोल वाढवून गळती झाकून टाकतो. ही लपवाछपवी गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर पकडता येते. गाडी नुसती उभी असताना पेट्रोलची दुरुस्ती भरपूर वाढलेली दिसते आणि रेस करून २५०० फेऱ्यांवर नेलं की उतरते. कारण चीर तेवढीच असते, पण मुख्य वाटेने येणारी हवा आता कितीतरी जास्त असते. चीर नेमकी कुठे, हे शोधायला चांगल्या गॅरेजात पाइपांत धूर सोडतात. काही जण चालू इंजिनावर स्प्रे मारून बघतात, पण तो पेटू शकतो. त्या फंदात पडू नका.

दुसरा संशयित थ्रॉटल बॉडी. गाडी उभी असताना तिची झडप जेमतेम केसभर उघडी असते आणि त्या चंद्रकोरीएवढ्या फटीतून सारा श्वास चालतो. तिथे काजळी साचली की श्वास कोंडतो. साफसफाई स्वस्तात होते. नंतर बऱ्याच गाड्यांत संगणकाला झडपेची नवी जागा शिकवावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

काजळीचा दुसरा पराक्रम याहून अजब. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर साचलेला कार्बन थंडीत चक्क पेट्रोल पितो. फवारा त्याच्यावर पडतो, तो ते शोषून घेतो, आणि त्याचं पोट भरेपर्यंत सिलिंडर उपाशी.

आता ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला वीज पुरवणारी कॉइल. त्यांची चूक पकडणारं एक चक्र मला तुम्हाला दाखवायचंय. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चकती असते. बऱ्याच गाड्यांत तिच्यावर ६० दात्यांची जागा असते, पण दाते ५८च. सुरुवात कुठली हे कळावं म्हणून दोन गाळलेले असतात. ८०० फेऱ्यांच्या वेगाने एकेक दाता सेन्सरसमोरून सव्वा मिलिसेकंदात सरकतो. सिलिंडर नीट पेटला की चकतीला धक्का मिळतो, पुढचे दाते वेळेवर येतात. ठिणगी वाया गेली की ते अगदी किंचित रेंगाळतात. संगणक तेवढाही उशीर टिपतो, पाळी कोणाची होती ते ताडतो आणि गुन्हेगाराचा क्रमांक कोडमध्ये लिहून ठेवतो. पी ०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर, पी ०३०३ म्हणजे तिसरा. पी ०३०० म्हणजे नाव एकाचंच घेता येत नाही. कसला कॅमेरा नाही, मायक्रोफोन नाही, फक्त दात्यांचं रेंगाळणं!

समजा पी ०३०२ आला. लगेच नवी कॉइल घेऊ नका. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला लावा, तिसऱ्याची दुसऱ्याला. उद्या सकाळी कोड ०३०३ झाला, तर दोष कॉइलचा. नाही बदलला, तर असाच खेळ प्लगचा करा. प्लग काढाल तेव्हा त्याचं टोक निरखून बघा. फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त. ओलं आणि पेट्रोलचा वास असेल तर ठिणगी पडत नाही किंवा इंजेक्टर रात्रभर ठिबकतोय. आणि कोड हलतच नसेल, सकाळी पांढरा धूर रेंगाळत असेल, कूलंटची पातळी हळूहळू उतरत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये झिरपत असण्याची शक्यता आहे. तिथे घरचे प्रयोग थांबवा.

जाता जाता उसाबद्दल. पेट्रोलमध्ये आता मिसळलं जाणारं इथेनॉल आपल्या उसापासूनही बनतं. ते ७८ अंशांना उकळतं, वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता घेतं आणि जळायला हवा कमी मागतं. पेट्रोलमधले हलके घटक सुरुवातीचा भार उचलतात, म्हणून २० टक्क्यांच्या मिश्रणावरही गाडी सुरू होते. पण जुन्या गाडीचे तक्ते या मिश्रणासाठी आखलेले नसतात, त्यामुळे तिथे थंड इंजिनाला पेट्रोल थोडं कमी पडू शकतं. ब्राझीलमध्ये १९७९ पासून निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या विकल्या गेल्या. त्यांतल्या अनेकींच्या बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी असायची, फक्त सकाळी इंजिन जागं करण्यापुरती!

एवढं सगळं कळूनही निदान हुकतं ते एका साध्या कारणाने. तुम्ही तक्रार घेऊन गॅरेजला पोचता, तोवर इंजिन तापलेलं असतं, सेन्सर जागा झालेला असतो आणि मेकॅनिकला ठणठणीत गाडी दिसते. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे नेऊन ठेवा आणि बजावून सांगा: सकाळी स्कॅनर जोडल्याशिवाय चावी फिरवायची नाही.