फाशीची शिक्षा : न्यायाची पूर्तता की न सुधारणारी चूक?

बिलोलीच्या सत्र न्यायालयाने उद्या एखाद्या खुन्यास फाशी सुनावली, तरी ती लगेच अमलात येणार नाही. आरोपीने अपील केले नाही तरीही उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती कायम करावी लागते. पेढीवर मोठ्या रकमेच्या धनादेशाला दोन सह्या लागतात, तसेच हे. एका हाताच्या चुकीची शक्यता कायद्यानेच गृहीत धरली आहे.

फाशीच्या समर्थकांचे म्हणणे हलके नाही. 2021 मध्ये नांदेड जिल्ह्यातील भोकरच्या न्यायालयाने पाच वर्षांच्या बालिकेवर अत्याचार करून तिचा खून करणाऱ्यास फाशी सुनावली, तेव्हा जिल्ह्यातील घराघरांत समाधान व्यक्त झाले. काही अपराध इतके क्रूर असतात की त्यांस दुसरी शिक्षा तोलात बसत नाही, जरब बसते आणि पीडित कुटुंबास न्याय मिळाल्याची जाणीव होते, असे ते म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानेही 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात ही शिक्षा घटनाबाह्य ठरवली नाही. मात्र ती ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणापुरती मर्यादित केली.

आता दुसरी बाजू. 2003 मध्ये नाशिकजवळ एका शेतातील झोपडीवर दरोडा पडला व पाच जणांची हत्या झाली. भटक्या समाजातील सहा मजुरांना 2006 मध्ये फाशी सुनावली गेली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तर तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांस फाशी ठोठावली. त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. तो पुरावा दडवला गेला होता. दोन नव्हे, तीन पायऱ्यांच्या सह्या होऊनही हिशेब चुकला. खतावणीतील चूक उलट नोंदीने दुरुस्त होते. फाशीची उलट नोंद करता येत नाही.

फाशीने न्याय लवकर मिळतो, हेही खरे नाही. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींना 2001 मध्ये फाशी सुनावली गेली, 2006 मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. पण दयेच्या अर्जावरील शासकीय दिरंगाईमुळे जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तिचे जन्मठेपेत रूपांतर केले.

जैन आचारशास्त्र हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार मानते. आक्रमकाचा प्रतिकार करताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थास सर्वस्वी टाळता येत नाही. पण बेड्या घातलेल्या कैद्याचा ठरवून घेतलेला प्राण कोणत्या प्रकारात बसतो? समाजाचे रक्षण हे त्याचे कारण असेल, तर ते साधण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध आहे का, हे आधी पाहावे लागेल.

तसा मार्ग आहे. 2008 पासून सर्वोच्च न्यायालय, सवलत न देता दीर्घकाळ किंवा मरेपर्यंत तुरुंगवास देण्याचा पर्याय वापरत आहे. त्यात गुन्हेगार समाजापासून दूर राहतो आणि तो निरपराध ठरल्यास दारही उघडता येते. म्हणून क्रूर घटना घडताच फाशीच्या घोषणा देण्याऐवजी समाजाने निर्दोष तपास आणि वेगवान सुनावणी मागावी. पीडितांचे अश्रू आणि निरपराधाचा प्राण, दोन्ही त्यानेच राखले जातील.