कोणत्या खोलीत केवढा दिवा?

वीजबिल हाती आले की घराघरांत एकच प्रश्न निघतो, एवढे युनिट जळले कुठे? मग टीव्ही बंद करा, पंखा कमी करा, अशी ओरड सुरू होते. दिव्यांकडे मात्र कुणी बघत नाही. दिवा तो केवढा, तो काय वीज खाणार, असा आपला समज असतो. म्हणून आज आम्ही घरातल्या दिव्यांचाच हिशेब मांडत आहोत. हा हिशेब पाचवीतल्या मुलीलाही वहीवर करता येईल.

चंद्रपूरकरांना विजेची किंमत सांगायला नको. ऊर्जानगरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. कोळसा इथल्या खाणींचा, पाणी इरई धरणाचे, राख आणि धूर इथल्याच वस्त्यांवर. १९९९ साली सुरू झालेल्या वाहिनीने चंद्रपूरची वीज सुमारे ७५० किलोमीटर दूर ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत जाते. आणि इकडे भामरागड, एटापल्लीच्या जंगलात पावसाळ्यात तारेवर झाड पडले की गावेच्या गावे अंधारात. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलले. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याखेरीज देशात उद्योग वाढणार नाहीत आणि दारिद्र्यही हटणार नाही, हे त्यांनी तेव्हाच मांडले होते. आपल्या घरात आलेली वीज तरी नीट वापरणे आपल्या हाती आहे.

आता हिशेब. १००० वॉट एक तास वापरले की एक युनिट होते. म्हणजे १०० वॉटचा बल्ब १० तास जळला की एक युनिट. जुनी नळीची ट्यूब ४० वॉटची म्हणतात, पण तिचा चोक धरून ती ५० वॉटच्या आसपास जाते. बैठकीत ही ट्यूब ५ तास, सयपाकघरात ६० वॉटचा बल्ब ४ तास, आतल्या खोलीत १०० वॉटचा ४ तास, न्हाणीत ४० वॉटचा १ तास आणि ओसरीवर ६० वॉटचा रात्रभर, म्हणजे १० तास, असे घर धरा. महिन्याला सुमारे ४६ युनिट होतात. त्यांतले १८ युनिट एकट्या ओसरीचे! ज्या दिव्याखाली कुणी बसत नाही, तोच सर्वांत जास्त खातो. म्हणून नुसते वॉट पाहू नका, तासही पाहा.

याच घरात बैठकीला २० वॉटची एलईडी पट्टी, सयपाकघरात ९ वॉटचा, आतल्या खोलीत १२ वॉटचा, न्हाणीत आणि ओसरीवर ५-५ वॉटचे एलईडी बल्ब लावले, तर तेवढ्याच तासांत महिन्याला सुमारे ७ युनिट होतात. ३९ युनिट वाचले. आपल्याकडे १०० युनिटपर्यंतचा दर कमी असतो, त्यावरच्या युनिटांना जास्त दर लागतो. ज्यांचे बिल शंभराच्या आगेमागे असते, त्यांना या ३९ युनिटांचा फायदा दुहेरी होतो.

आता एकेक खोली पाहू.

आतली खोली, जिथे मुले अभ्यास करतात. आमच्या मते घरातला सर्वांत चांगला उजेड इथे हवा. बहुतेक घरांत बल्ब खोलीच्या मधोमध उंच टांगलेला असतो आणि मूल भिंतीकडे तोंड करून बसते. त्याची स्वतःची सावली वहीवर पडते, मग ते वाकून वाकून वाचते. बल्ब वाढवू नका, जागा बदला. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डाव्या बाजूने उजेड यावा. टेबलावरचा ५ ते ७ वॉटचा दिवा जवळ असला तर तो वहीपुरता पुरतो. विहारात अभ्यासिका चालत असेल तर तिथेही हेच पाहा.

सयपाकघर. चूल असो की गॅस, बाई शेगडीपुढे उभी आणि दिवा तिच्या पाठीमागे, हे चित्र घरोघरी दिसते. तांदळातला खडा दिसत नाही, विळीवर बोट कापते. दिवा ओट्याच्या समोरच्या भिंतीवर घ्या. चुलीच्या धुराची काजळी बल्बवर बसते आणि उजेड खाते. आठवड्यातून एकदा बटण बंद करून, बल्ब निवल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. भिंतीला पांढरा चुना मारला तर त्याच बल्बचा उजेड वाढल्यासारखा वाटतो.

बैठक. टीव्ही पाहताना मोठी पट्टी लागत नाही. एक लहान दिवा वेगळ्या बटणावर ठेवा. आमच्या भागातला उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. जुना तारेचा बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच घालवतो. कवेलूच्या किंवा टिनाच्या घरात मे महिन्यात ती उष्णता वेगळी विकत घेण्याचे कारण नाही.

ओसरी, अंगण आणि संडासची वाट. इथे काटकसर म्हणून अंधार करू नका. जंगलाला लागून असलेल्या गावांत साप-विंचू पायाखाली येतात. पण रात्रभर भगभगीत पांढरा दिवाही नको. त्यावर किडे येतात, किड्यांमागे बेडूक येतात. ५ वॉटचा पिवळसर दिवा दारापासून थोडा बाजूला, उजेड पायरीवर पडेल असा लावा. मण्यार रात्रीच जमिनीवर झोपलेल्यांना चावते, म्हणून उशाशी टॉर्च ठेवाच.

न्हाणीचे बटण बाहेर, कोरड्या जागी हवे. कवेलूवरून लोंबणारी उघडी वायर पावसाळ्याआधी परवानाधारक वायरमनकडून बदलून घ्या. जिथे वारंवार लाइन जाते, तिथे एक चार्जिंगचा किंवा सौर दिवा भरून ठेवा. रॉकेलच्या चिमणीजवळ मुलाला अभ्यासाला बसवू नका.

बल्ब घेताना नुसते वॉट पाहू नका. खोक्यावर ल्युमेन लिहिलेले असतात, तो उजेडाचा आकडा. कमी वॉटमध्ये जास्त ल्युमेन देणारा बल्ब घ्या. ताऱ्यांची पट्टी आणि दुकानदाराची पावतीही घ्या. जुना सीएफएल फुटला तर दारे-खिडक्या उघडा, कारण त्यात पारा असतो. तुकडे हाताने उचलू नका, झाडूही मारू नका. जाड पुठ्ठ्याने गोळा करा.

सगळे एकदम बदलायला पैसे नसतात, हे आम्ही जाणतो. म्हणून क्रम असा ठेवा. रात्रभर जळणारा दिवा आधी बदला. त्यातून वाचलेल्या पैशांत मुलांच्या अभ्यासाचा दिवा घ्या. त्यानंतर सयपाकघर. बैठकीचा नंबर शेवटी, पाहुण्यांना त्याची घाई नसते.