जुनी गाडी घेताना : आधी माणसे, मग सायकली

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी सकाळी मी दवाखान्यात नव्हतो. यवतेश्वरच्या घाटात रस्त्याच्या कडेला, एका शिक्षक मित्राच्या डोक्यावर पंचा दाबून बसलो होतो. आम्ही सहा जण कराडहून कासकडे निघालो होतो. दोन शिक्षक, एक बँकेतले, एक औषध दुकानदार, एक कॉलेजचा मुलगा आणि मी. सगळ्यांकडे गिअरच्या, जाड टायरच्या सायकली. महामार्गावर पन्नास किलोमीटर ट्रकच्या धुरात सायकल मारण्यात अर्थ नाही, म्हणून सायकली गाडीत घालून साताऱ्याच्या पुढे जायचे, तिथून चढ चढायचा आणि दुपारपर्यंत परत यायचे, असा आमचा बेत असतो. (कासच्या पठारावर फुलांत सायकल घालायची नसते, डांबरी रस्ता सोडायचा नसतो. हे सांगावे लागते म्हणून सांगतो.)

गाडी एका स्नेह्यांकडून मागून आणलेली, जुनी, मागे समोरासमोर आडव्या बाकांची. चार सायकली आत आडव्या टाकलेल्या, दोन टपावर. शिक्षक मित्र मागच्या आडव्या बाकावर, सायकलींच्या गर्दीत अंग चोरून बसले होते. वळणावर म्हैस आडवी आली. गाडीचा वेग चाळीसच्या आसपास असेल. चालकाने ब्रेक मारला, म्हैस वाचली, गाडीवर ओरखडाही उठला नाही. परंतु वरच्या सायकलचे हँडल सरांच्या कानामागे बसले. साताऱ्यात नेऊन सात टाके घालावे लागले. टाके आठ दिवसांत निघाले. मान मात्र त्या झटक्यात बाजूला वाकली होती, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना आलेल्या मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत. फळ्यावर लिहिताना खडू सुटतो, असे ते सांगतात.

आता मंडळींनी वर्गणी काढून स्वतःची जुनी गाडी घ्यायचे ठरवले आहे. सरच मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही बघून सांगा, आम्ही घेतो." मी मेकॅनिक नव्हे. पण गेल्या तीन महिन्यांत आमच्या मेकॅनिकला बरोबर घेऊन अकरा गाड्या पाहिल्या, आणि लक्षात आले की गाडी घेणारे इंजिन, अ‍ॅव्हरेज आणि एसी पाहतात. माणूस कुठे बसणार हे कोणी पाहत नाही. डॉक्टर म्हणून मला तेवढेच पाहता येते.

पहिला प्रश्न असा : गाडीत तोंड पुढे करून बसण्याच्या, खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा असलेल्या जागा किती? आरसी बुकावर सात लिहिलेले असते आणि विकणारा नऊ सांगतो. आपण मोजायच्या त्या पट्ट्याच्या जागा. बोलेरोसारख्या गाडीत मागची दोन बाके आडवी असतात. स्कॉर्पिओ आणि सुमो या गाड्या निरनिराळ्या रचनेत विकल्या गेल्या, त्यामुळे नावावरून काही कळत नाही, मागचे दार उघडूनच पाहावे. इनोव्हात तिसरी रांगही पुढे तोंड असलेली आहे. आडव्या बाकावर बसलेल्या माणसाला गाडी थांबताना पुढे नव्हे, तर कुशीवर झटका बसतो. मानेचे मणके आणि स्नायू पुढे-मागे वाकण्यासाठी बरे घडलेले आहेत. कडेला एकदम वाकले की मणक्यांमधून निघणाऱ्या नसा चेमटतात. सरांचे तेच झाले. आडव्या बाकाला नुसता कमरेचा पट्टा असला तरी तो मान धरत नाही. म्हणून आमच्या हिशेबात आडव्या बाकाची जागा शून्य धरली. तिथे सायकली ठेवाव्यात, माणसे नकोत.

मागच्या सीटला पट्टा कशाला, हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेला सायरस मिस्त्री यांचा अपघात वाचकांना आठवत असेल. गाडी महागडी होती. पुढे बसलेले दोघे वाचले, मागे पट्टा न लावता बसलेले दोघे गेले. पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरही पट्टा लावावा, असा नियम त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. जुन्या गाडीत मागचे पट्टे बहुधा सीटखाली दाबलेले सापडतात, कारण ते बसताना टोचतात! ते वर काढून प्रत्येक पट्टा झटक्याने ओढून पाहावा. मध्येच अडकला पाहिजे. कड उसवलेली नको, कुलूप खटकन लागले पाहिजे. जी गाडी मोठ्या अपघातातून गेली आहे तिचे पट्टे ताणलेले असतात, ते बदललेच पाहिजेत.

पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढण्याचे आणखी एक कारण आहे, आणि आपल्या भागात ते महत्त्वाचे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. त्या धुऊन, पॉलिश करून बाजारात आल्या. पट्ट्याचा गुंडाळलेला आतला भाग मात्र कोणी धूत नाही. तिथे मातीची रेघ दिसली, सीटच्या सळ्यांना गंज दिसला, पायाखालचा गालिचा उचलल्यावर कुबट वास आला, की समजावे. आम्ही पाहिलेल्या अकरांपैकी दोन तशा निघाल्या. एकीचा मालक म्हणाला, "पाणी चाकापर्यंतच आलं होतं." मग चाकापर्यंतच्या पाण्याची माती खांद्याच्या पट्ट्यात कशी चढली? अशा गाडीतील वायरी पुढे त्रास देतात तो भाग वेगळा. पण गाद्यांत बुरशी राहते आणि काचा बंद करून एसी लावला की दम्याच्या माणसाला अर्ध्या तासात खोकला सुटतो. आमच्यातले औषध दुकानदार दम्याचे आहेत. त्यांनी त्या गाडीत बसून दहा मिनिटांत पंप काढला. तपासणी तिथेच संपली.

एअरबॅगचे म्हणाल तर १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकापुढे ती सक्तीची झाली, शेजारच्या सीटपुढे २०२१ च्या अखेरीपासून. त्याआधीच्या गाडीत असेलच असे नाही, हे धरून चालावे. जिथे आहे तिथे चावी फिरवताच फलकावर तिचा लाल दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही, तर आनंद मानू नये. कोणीतरी दिवाच काढून टाकलेला असू शकतो. डोक्यामागची उशी तिन्ही रांगांत आहे का आणि ती किमान कानाच्या वरच्या टोकापर्यंत येते का, हेही पाहावे. मागून धडक बसली की मान तीच वाचवते. जुन्या गाड्यांत या उशा काढून माळ्यावर टाकलेल्या असतात, मागून घ्याव्यात.

आता सायकली. आमच्या सायकली सरासरी चौदा किलोच्या. माझ्या मुलाने कागदावर गणित मांडून दाखवले. ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतली न बांधलेली वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे वीसपट जोराने पुढे येते. म्हणजे एक सायकल पावणेतीनशे किलोची होते, आणि तिला टोकदार पेडल असते. तेव्हा माणसांच्या जागेत सायकल नको. तिसरी रांग दुमडून, पुढचे चाक काढून, दुसऱ्या रांगेच्या पाठीमागे, पाठीच्या उंचीच्या खाली, सायकली पट्ट्याने गाडीच्या कड्यांना आवळून ठेवता येतात. विकत घेताना ती लोखंडी कडी मागे आहेत का, हे पाहिले पाहिजे. नसतील तर गॅरेजमध्ये नीट बोल्ट मारून बसवून घ्यावीत. सुतळी आणि जुनी ओढणी चालणार नाही. (चाक काढल्यावर डिस्क ब्रेकच्या पट्ट्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा, नाहीतर कोणीतरी लिव्हर दाबतो आणि चाक परत बसत नाही.)

अशा रीतीने मोजले की विकणाऱ्याचे गणित कोसळते. सात सीटच्या गाडीत तिसरी रांग दुमडली, तर माणसे पाच आणि सायकली आत दोन, फार तर तीन. आम्ही सहा. बँकेतल्या मित्राने मुकाट्याने कॅल्क्युलेटर खिशात ठेवला. उरलेल्या सायकली टपावर किंवा मागच्या दाराच्या कॅरिअरवर न्याव्या लागतात. टपावर किती किलो चालते हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्यात कॅरिअरचे वजनही धरायचे असते. मागच्या कॅरिअरवर सायकली लावल्यावर नंबरप्लेट आणि लाल दिवे झाकले जाता कामा नयेत. बोलेरोसारख्या गाडीची स्टेपनी दारावरच असते, तिथे पट्ट्यांचे साधे कॅरिअर बसत नाही.

टपाबद्दल वैद्यकीय शंका मला जास्त आहे. या गाड्यांचा टप सहा फुटांच्या आसपास असतो. चाळीस किलोमीटर चढ-उतार करून आलेला, पन्नाशीचा माणूस चौदा किलोचे वजन डोक्यावर उचलतो, तेही हात लांबवून आणि कंबर वाकडी करून. खांद्यातले स्नायुबंध या वयात झिजलेले असतात. त्या एका उचलीत ते फाटल्याचे रुग्ण मी पाहिले आहेत. तासभर गाडीत बसून उतरल्या-उतरल्या वजन उचलणे कमरेलाही वाईट, कारण बसून बसून मणक्यांमधल्या गाद्यांवर ताण आलेला असतो. पाच मिनिटे चालावे, मग दोघांनी दोन बाजूंनी सायकल उचलावी, एकट्याने शौर्य दाखवू नये. दोन गाड्यांत माझी निवड अडली, तर टप ज्या गाडीचा बुटका आणि पायरी जिची रुंद, ती मी घेईन.

मागे हौदा असलेली पिकअप घ्यावी, हा विचारही झाला. पुढे दोन रांगा, मागे हौद्यात सायकली, ही रचना सायकलींना उत्तम. पण बऱ्याच पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात. आरसीवर किती माणसांची नोंद आहे ते वाचावे. आणि हौद्यात माणूस बसवायचा नाही, एक मैलभरसुद्धा. आम्हाला एका एजंटाने सांगितले, "साहेब, मागं आठजण बसतात आरामात." बसतात, आणि ब्रेक मारला की उडतात. मालवाहू गाडीच्या हौद्यातल्या अशा माणसाला विम्याचे संरक्षणही नसते.

कॉलेजच्या मुलाला प्रत्येक सहलीत गाडी लागायची. डोके दुखणे, मळमळ, कधी उलटी. मी गोळी देत होतो. मग लक्षात आले की हे परतीच्या वाटेवर आणि मागे बसल्यावरच होते. सायकलचे चाक बाहेर येते म्हणून मागचे दार दोरीने अर्धवट बांधलेले असायचे. गाडी पळताना मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर उघड्या दारातून आत ओढला जातो. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असला, तरी तो धूर डोके धरायला पुरेसा आहे. पेट्रोलच्या किंवा गॅसच्या गाडीत हाच प्रकार जिवावर बेतू शकतो. या वायूला वास नसतो आणि माणूस नुसता पेंगतो. तेव्हा सायकली आत ठेवून दार पूर्ण लागते का, हे सौदा ठरण्याआधी स्वतःच्या सायकली नेऊन पाहावे. दाराचे रबर आणि सायलेन्सरचा सांधा मेकॅनिककडून तपासून घ्यावा. आम्ही तीन गाड्यांवर हे केले, तेव्हा एजंट आमच्याकडे वेड्यांसारखे पाहत होते.

ब्रेकचे पेडल पूर्ण दाबून मिनिटभर धरावे, हळूहळू खाली जात असेल तर गळती आहे. हँडब्रेक सपाटीवर नव्हे, चढावर पाहावा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी सहा-सात वर्षांचे रबर घाटाच्या उतारावर भरवशाचे नाही. चालकाच्या सीटची गादी खचली असेल तर तीही बदलण्याचा खर्च किमतीत धरावा, क्लच जड असेल तर डाव्या गुडघ्याचा. बाकी इंजिनाचे मेकॅनिकला विचारा.

आणखी एक, जे गाडीत नसते. परत येताना गाडी कोण चालवणार? तीन तास चढ मारून, वर भरपेट जेवून महामार्गावर बसणारा माणूस झोपणार हे ठरलेले. आमच्यात आता ज्याची पाळी असते तो निम्म्यातून सायकल परत फिरवतो, सावलीत अर्धा तास पडतो, मीठ-साखरेचे पाणी पितो आणि मग चावी हातात घेतो. यावरून कुरबुर होते.

कागदांबाबत थोडक्यात. आपल्याच राज्यातील गाडी असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही आपल्या नावे त्याच मुदतीत करून घ्यावा. नाव न बदललेल्या गाडीचा अपघात झाला तर भरपाईचा दावा आरसीवर नाव असलेल्या जुन्या मालकावर येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. वर्गणीची गाडी असली तरी नाव एकाचेच लागते, तेव्हा ते कोणाचे हे आधी ठरवा. आमच्यात त्यावर दोन बैठका झाल्या.

सध्या एक इनोव्हा नजरेत आहे. पट्टे सगळे लागतात, माती नाही, दार बंद होते. किंमत आमच्या वर्गणीपेक्षा साठ हजारांनी जास्त आहे आणि मालक उतरायला तयार नाहीत. सर म्हणाले, घेऊ या, माझा हिस्सा वाढवतो. सहाव्या माणसाने पुढच्या वेळी एसटीने यायचे आणि त्याची सायकल आम्ही न्यायची, असे ठरते आहे. पहिली पाळी माझी लागली आहे.