नाव तेच, ताकद निराळी! गेमिंग लॅपटॉप घेताना नेमके काय मोजावे?

बारावीचा निकाल लागतो, अभियांत्रिकी किंवा ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमाचा प्रवेश निश्चित होतो आणि घरात एक नवा विषय निघतो: लॅपटॉप कोणता घ्यायचा? मुलांचा ओढा 'गेमिंग' लॅपटॉपकडे असतो. हा सारा खटाटोप खेळण्यासाठीच चालला आहे, अशी शंका आईवडिलांच्या मनात असते. त्रिमिती आरेखन, चित्रफितींचे संपादन आणि यंत्रशिक्षणाचे प्रयोग याच यंत्रावर वेगाने होतात, असा मुलांचा युक्तिवाद असतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र या वादात खरा प्रश्न बाजूलाच राहतो. लाखाच्या आसपासची रक्कम मोजून जे घरी येणार आहे, त्याची ताकद खरोखर किती, आणि ती मोजायची कशी?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मोटारसायकलच्या इंजिनाची क्षमता सीसीमध्ये लिहिलेली असते आणि ती गाडीगणिक बदलत नाही. गेमिंग लॅपटॉपच्या बाबतीत मात्र एकाच नावाची चिप दोन यंत्रांत निराळ्या ताकदीने चालते. जाहिरातीत ठळक अक्षरांत चिपचे नाव असते. तिची ताकद ठरविणारा आकडा तांत्रिक तपशिलांच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. अनेकदा तर तो नसतोच.

नावाची गफलत

चित्रप्रक्रिया करणारी चिप, म्हणजेच ग्राफिक्स कार्ड, हा गेमिंग लॅपटॉपचा प्राण होय. या बाजारात एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीचा वरचष्मा आहे. तिची 'आरटीएक्स ४०६०' ही लॅपटॉपसाठीची चिप २०२३ मध्ये बाजारात आली. कंपनीच्याच तपशिलानुसार ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालविण्याची मुभा लॅपटॉप निर्मात्यांना आहे. प्रोसेसरवर भार नसेल तेव्हा त्याच्या वाट्याची काही वीज ग्राफिक्सकडे वळविता येते आणि हा आकडा १४० वॅटपर्यंत जातो. ३५ वॅटचे यंत्र आणि ११५ वॅटचे यंत्र, दोहोंवर स्टिकर मात्र 'आरटीएक्स ४०६०' असाच!

पूर्वी कमी विजेवर चालणाऱ्या चिपच्या नावापुढे 'मॅक्स-क्यू' अशी जोड असे आणि ग्राहकाला निदान सूचना मिळत असे. २०२१ मध्ये ३० क्रमांकाची मालिका आली आणि ही सरळ ओळख नावातून नाहीशी झाली. परिणामी कमी विजेवर अडकविलेल्या ४०६० ला पुरेशी वीज मिळणारी धाकटी ४०५० काही खेळांत गाठते, प्रसंगी मागेही टाकते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. वॅट वाढले म्हणजे वेग त्याच प्रमाणात वाढतो असे नाही. ४०५०, ४०६० आणि ४०७० या लॅपटॉप चिपच्या बाबतीत सुमारे १०० वॅटनंतर फारसा लाभ होत नाही, असे चाचण्यांतून दिसून आले आहे. तेव्हा '१४० वॅट' या शिक्क्यासाठी पंधरा हजार जादा देणे शहाणपणाचे नाही. तसेच ४५ वॅटच्या यंत्राला पूर्ण किंमत मोजणेही नाही.

मेजावरच्या संगणकाशी तुलना केल्यास गफलत आणखी वाढते. मेजावरच्या 'आरटीएक्स ४०९०' मध्ये १६,३८४ गणनकेंद्रे आणि २४ जीबी मेमरी आहे. त्याच नावाच्या लॅपटॉप चिपमध्ये ९,७२८ केंद्रे आणि १६ जीबी मेमरी आहे. ४०७० मध्ये हीच जोडी ५,८८८ विरुद्ध ४,६०८ आणि १२ जीबी विरुद्ध ८ जीबी अशी आहे. मित्राच्या मेजावरच्या संगणकावर एखादा खेळ उत्तम चालतो म्हणून त्याच नावाच्या लॅपटॉपवरही तसाच चालेल, हे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

फ्रेमचा हिशेब

खेळातील वेग 'फ्रेम प्रतिसेकंद' या एककात मोजतात. सेकंदाला ६० चित्रे दिसत असतील तर प्रत्येक चित्र तयार करण्यास यंत्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चित्रांसाठी हाच अवधी जेमतेम ६.९ मिलिसेकंद उरतो. पडदा १४४ हर्ट्झचा आहे आणि यंत्र ५५ चित्रेच देते, अशी स्थिती असेल तर पडद्याच्या वेगासाठी मोजलेले पैसे त्या खेळापुरते वाया जातात.

सरासरीवरही सर्वस्वी विसंबू नये. सरासरी ८० असूनही ऐन चकमकीत वेग २५ वर घसरला तर खेळणाऱ्याला हिसके जाणवतात. चाचणी अहवालांत 'एक टक्का किमान' असा आकडा दिलेला असतो. सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा तो वेग होय. सरासरी आणि हा किमान आकडा यांत जितके कमी अंतर, तितका अनुभव सुरळीत.

अलीकडे यात आणखी एक पेच निर्माण झाला आहे. २०२२ मध्ये एनव्हिडियाने 'डीएलएसएस ३' आणले. त्यात दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने एक चित्र भरले जाते. २०२५ मधील ५० क्रमांकाच्या मालिकेत अशी तीन चित्रे भरण्याची सोय झाली. त्यामुळे तक्त्यातील आकडा दुप्पट, तिप्पट दिसतो. डोळ्यांना चित्र खरोखरच अधिक तरल भासते. परंतु कळ दाबल्यापासून पात्र हलेपर्यंतचा अवधी त्या प्रमाणात कमी होत नाही, किंबहुना किंचित वाढतो. म्हणून दोन यंत्रांची तुलना करताना ही सोय बंद ठेवून घेतलेले आकडेच शेजारी ठेवावेत.

पहिली पाच मिनिटे फसवी

दुकानात यंत्र सुरू करून पाच मिनिटे खेळून पाहिले की ते उत्तमच वाटते. यंत्र तेव्हा थंड असते. खरी परीक्षा अर्ध्या तासाने सुरू होते. चिप तापत जाते आणि ठरावीक मर्यादेला पोहोचली की स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग उतरवते. पातळ आणि देखण्या यंत्रांत उष्णता बाहेर टाकण्यास जागा कमी असते. तेथे ही घसरण लवकर होते.

आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे. परदेशी चाचण्या बहुधा विशीतल्या तापमानाच्या खोलीत घेतल्या जातात. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि वातानुकूलन नसलेली खोलीही भट्टीप्रमाणे तापते. पंखा हवेपेक्षा अधिक गारवा देऊ शकत नाही. खोली १५ अंशांनी अधिक तापलेली असेल तर तेवढीच वीज घेणारी चिपही साधारण तितकीच अधिक तापते. मग एक तर पंख्यांचा आवाज असह्य होतो किंवा वेग घटतो. विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थ्याने म्हणूनच पातळपणापेक्षा जाडजूड पण मोकळ्या झरोक्यांच्या यंत्राला पसंती द्यावी.

सलग कामगिरी तपासण्यासाठी 'थ्रीडीमार्क' या प्रणालीत ताण चाचणी आहे. एकच दृश्य २० वेळा चालविले जाते आणि सर्वांत मंद फेरी सर्वांत वेगवान फेरीच्या किमान ९७ टक्के असावी, अशी उत्तीर्ण होण्याची अट आहे. अहवालात हा आकडा अवश्य शोधावा.

बॅटरीवर खेळण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. विमानप्रवासात विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास असल्याने लॅपटॉपच्या बॅटरी त्याखालीच असतात. ९० वॅट-तासांची बॅटरी आणि १५० वॅटचा भार, हा हिशेब ३६ मिनिटांतच संपतो. शिवाय बॅटरीवर असताना यंत्र ग्राफिक्सची वीज स्वतःहून कमी करते. महाविद्यालयात नेताना पाऊण ते एक किलोचा ॲडॉप्टरही पाठीवर वाहावा लागतो, हे विसरू नये.

मेमरी आणि पडदा

ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी नंतर वाढविता येत नाही. जुन्या ४ जीबीच्या चिप आजही स्वस्तात मिळतात. परंतु नव्या खेळांत चित्रांचा दर्जा उतरविण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' हा खेळ संगणकावर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांचीही दमछाक झाली होती. चार वर्षे वापरायचे असेल तर ६ जीबी ही किमान आणि ८ जीबी ही समाधानकारक पातळी मानावी. लॅपटॉपमधील ४०६० आणि ४०७० या दोहोंतही ८ जीबीच मेमरी आहे. तेव्हा ४०७० साठी मोठी रक्कम जादा मोजण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मुख्य मेमरी मात्र बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये वाढविता येते. १६ जीबीची एकच पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या यांत फरक आहे. दोन पट्ट्या असल्यास माहितीची ये-जा दोन मार्गांनी होते आणि खेळाचा वेग वाढतो. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या. 'नंतर वाढवू' हे गणित त्यामुळे आता पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही.

किंमत कमी ठेवण्यासाठी निर्माते सर्वप्रथम पडद्यावर काटकसर करतात. '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेला पडदा फिकट असतो. रंगांशी संबंधित काम करणाऱ्याने तो टाळावा. '१०० टक्के एसआरजीबी' आणि किमान ३०० निट्स उजेड हे निकष पुरेसे आहेत.

किंमत म्हणजे केवळ स्टिकर नव्हे

आता पैशांच्या मोबदल्याचा हिशेब. समजा, तीन यंत्रे समोर आहेत. आपल्या आवडत्या खेळात पहिले ८० हजारांत ६४ चित्रे देते, दुसरे ९६ हजारांत ८० आणि तिसरे एक लाख ४० हजारांत १००. एका चित्रामागे खर्च अनुक्रमे १,२५०, १,२०० आणि १,४०० रुपये पडतो. सर्वांत स्वस्त यंत्र सर्वांत किफायतशीर नाही, हे येथेच दिसते. पहिल्या यंत्रात मेमरीसाठी आणखी सहा हजार घालावे लागले तर त्याचा खर्च १,३४० रुपयांच्या वर जातो.

हप्त्यांचा मोहही तपासून घ्यावा. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच हरकत घेतली होती. आजच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांत बँक व्याज आकारतेच; विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो. मात्र क्रेडिट कार्डावरील व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ग्राहकालाच भरावा लागतो. ९६ हजारांचे वर्षभराचे हप्ते आणि १६ टक्के व्याजदर धरल्यास हा कर सुमारे १,४०० रुपये होतो. बँकेचे प्रक्रिया शुल्क निराळे. रोखीने घेणाऱ्यास तीच सूट मिळते का, हे विचारण्यात संकोच करू नये.

हमी बहुधा एक वर्षाची असते. यंत्र पडले किंवा त्यावर पाणी सांडले तर ती लागू होत नाही. दुरुस्ती घरी येऊन होणार की यंत्र मोठ्या शहरात पाठवावे लागणार, हा प्रश्न तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी चार-पाच चित्रांच्या फरकाहून मोठा आहे. परीक्षेच्या तोंडावर यंत्र तीन आठवडे दूर राहिले तर त्याची किंमत कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

खरेदीला जाताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा, आपल्या गावातील दुकानात जा किंवा घरबसल्या मागणी नोंदवा, पुढील प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. ग्राफिक्सला कमाल किती वॅट मिळतात? तिची मेमरी किती? मुख्य मेमरीच्या पट्ट्या किती आणि एखादा खाच रिकामा आहे काय? पडद्यावर किती टक्के रंग उमटतात? हमी किती वर्षांची आणि सेवा कोठे? विक्रेत्याला वॅटचा आकडा ठाऊक नसेल तर सुरू असलेल्या यंत्रावर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून 'सिस्टीम इन्फॉर्मेशन' पाहावे. कमाल ग्राफिक्स वीज तेथे नोंदलेली असते. यंत्र घरी आल्यावर पहिल्याच दिवशी हे पाहावे, म्हणजे परत करण्याची मुदत हातची जाणार नाही. सांगितले एक आणि निघाले दुसरे, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

९६ हजारांचे यंत्र चार वर्षे टिकले तर महिन्याला दोन हजार रुपये पडतात. एखाद्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नाही. ज्याला केवळ 'व्हॅलोरंट'सारखे हलके खेळ खेळायचे आहेत आणि प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे, त्याचे काम याहून बऱ्याच कमी खर्चात भागेल. ज्याला रोज त्रिमिती चित्रे घडवायची आहेत, त्याने येथे हात आखडता घेऊ नये. आपले काम कोणते, हे आधी घरात बसून कागदावर लिहावे आणि तो कागद घेऊनच दुकानाची पायरी चढावी. मग स्टिकरवरचे नाव कितीही चकचकीत असो, नजर आपसूक त्याखालच्या वॅटच्या आकड्याकडे जाईल.