खरखरीचा माग

पेट्रोल इंजिनातला प्रत्येक स्पार्क प्लग हा एक बारीकसा ट्रान्समीटरच असतो. मार्कोनीचे सुरुवातीचे बिनतारी संदेश ठिणगीच्याच जोरावर गेले. इंजिनातली ठिणगीही तशाच लहरी सोडते, फक्त तिला सांगायचं काही नसतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ८० ठिणग्या पडतात. दर वेळी कॉइलमधून हजारो व्होल्ट प्लगच्या फटीत उडी घेतात आणि त्या झटक्याने वाटेतली प्रत्येक वायर एरियल बनते. मध्यमलहरींचा रेडिओ लहरीच्या कमी-जास्त होणाऱ्या उंचीतूनच आवाज काढतो. त्यामुळे ही टकटक आणि निवेदकाचं बोलणं यांत त्याला फरक करता येत नाही. एफएमला हा त्रास बराच कमी होतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका बॅटरीवाल्या मिस्त्रींकडे महिंद्राचा जुना पेट्रोल एफसी-१५० आला होता. या ट्रकला पुढे नाक नाही. इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधे पत्र्याच्या झाकणाखाली असतं. डॅशबोर्डातला रेडिओ आणि डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, यांच्यात जेमतेम हातभर अंतर. मालकांना आकाशवाणी सांगली, म्हणजे १२५१ किलोहर्ट्झ, ऐकायचं होतं. गाडी बंद असताना स्टेशन स्वच्छ लागे; सेल्फ मारला की बातम्या खरखरीत बुडून जात. त्यांनी पिशवी भरून कंडेन्सर आणले होते. मिस्त्रींनी ती पिशवी बाकावर ठेवली.

“आधी ऐकूया की मालक. सामान काय, कवाबी बसवता येतंय.”

ऐकण्यालाही क्रम होता. अॅक्सिलरेटर हळूहळू दाबला तेव्हा खरखरीतून दोन आवाज वेगळे झाले. एक कोरडी टकटक, वेगाबरोबर घट्ट होत जाणारी. दुसरी बारीक कूंऽऽ, वेगाबरोबर चढणारी. फॅनबेल्ट उतरवून इंजिन थोडा वेळ चालवलं. डायनॅमो थांबला तशी कूं गेली, टकटक राहिली. बेल्ट पुन्हा चढवून मिस्त्रींनी रेडिओमागून एरियलची पिन उपसली. आता उलट झालं : टकटक जवळजवळ गेली, कूं तशीच. म्हणजे ठिणगीचा आवाज हवेतून एरियलमध्ये शिरत होता आणि डायनॅमोचा सप्लायच्या वायरीतून. एका रस्त्यावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडला नसता.

मग त्यांनी खिशातला छोटा ट्रान्झिस्टर काढला. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून तो इंजिनाभोवती फिरवला. कॉइलपाशी आणि प्लगच्या वायरींवर तो कडाडला, ते अपेक्षितच होतं. पण इंजिनाच्या झाकणापाशी आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळही तो तितकाच ओरडला. तिथे ठिणगी पडत नाही. मात्र अर्थ नीट नसलेला पत्रा शेजारची लहर उचलतो आणि पुढे पसरवतो.

दुरुस्ती उगमापासून सुरू झाली. तांब्याच्या तारेच्या जुन्या प्लग-वायरी काढून कार्बन गाभ्याच्या घातल्या. प्लगही आतमध्ये रेझिस्टर असलेले घेतले. अशा प्लगच्या नंबरात बहुधा ‘आर’ असतो आणि त्यांचा रोध साधारण पाच हजार ओहम. एवढा रोध आला तरी ठिणगी मरत नाही. फट ओलांडण्यासाठी दाब लागतो, तो चढतोच. अडतो तो ठिणगी पडताक्षणी उसळणारा करंट, आणि रेडिओला छळणारा तोच असतो. डेल्कोच्या टोपीत एक वायर अर्धवट बसली होती. तिथे एक जादा ठिणगी पडत होती. ती वायर दाबून बसवली.

कंडेन्सरची पाळी त्यानंतर आली. एक कॉइलच्या सप्लायच्या टोकावर लावला, पॉइंटच्या टोकावर नाही. पॉइंटला स्वतःचा मापाचा कंडेन्सर असतो. त्यात भर घातली तर ठिणगी कमजोर पडते. दुसरा डायनॅमोच्या मोठ्या टर्मिनलवर. फील्डच्या टर्मिनलवर तो लावला की रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. रेडिओची वायर जुन्या जुडग्यातून सोडवून थेट बॅटरीवर नेली.

सर्वांत जास्त वेळ अर्थिंगने खाल्ला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, झाकण रंगावर टेकलेलं, एरियलच्या बुडाशी गंज. मिस्त्रींनी पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, दातेरी वायसर घातले आणि इंजिन, झाकण, सायलेन्सर या तिन्हींपासून चासीपर्यंत विणलेल्या तारेच्या चपट्या पट्ट्या ओढल्या. उच्च वारंवारतेला गोल वायरीपेक्षा रुंद, आखूड पट्टी सोपी वाट देते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपांवरही अशाच पट्ट्या आणि वायसर असत, आणि रेडिओसाठी असा बंदोबस्त केलेल्या अमेरिकी लष्करी गाडीच्या बॉनेटवरच्या क्रमांकाशेवटी ‘एस’ हे अक्षर रंगवत.

प्रत्येक कामानंतर इंजिन चालू करून पुन्हा ऐकणं, हा त्यांचा नियम. वायरी आणि प्लग बदलल्यावर टकटक निम्म्याहून खाली आली. झाकणाची पट्टी बसली तेव्हा ती निवेदकाच्या आवाजाखाली गेली. कूं मात्र रेडिओची वायर बॅटरीवर जाईपर्यंत हलली नव्हती. सगळं एकदम बसवलं असतं तर कशाने काय झालं ते कळलंच नसतं आणि पुढच्या वेळी पुन्हा पिशवीभर सामान आणावं लागलं असतं.

शेवटी मालकांनी तक्रार केली, अजून थोडी चरचर येते. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं; चरचर तशीच. शेजारच्या गाळ्यातलं वेल्डिंग थांबलं तेव्हा तीही थांबली. “ही आपली न्हाई,” ते म्हणाले आणि बिल लिहायला घेतलं. पिशवीतले दोन कंडेन्सर बिलाबाहेर होते, बाकीचे मालकांनी परत नेले.