पगडीवाले नरकात

रुमानियाच्या ईशान्येला बुकोविना नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या गुरा हुमोरुलुई या छोट्या शहरापासून थोडे आत गेले की व्होरोनेत्सचा मठ लागतो. फाटकातून पाऊल टाकताना मनात येते, एवढेसेच? रुंद छपराखाली दबून बसलेले एक लहानसे चर्च, भोवती हिरवळ आणि दगडी कोट. मग नजर भिंतींवर जाते आणि तिथेच अडकते. चर्चच्या आत चित्रे असतातच. इथे ती बाहेरूनही आहेत, पार वळचणीपर्यंत.

मोल्दावियाचा राजा श्टेफान चेल मारे याने १४८८ साली चार महिन्यांच्या आत हे चर्च उभे केले. लढाईत खचलेल्या राजाला दानिईल नावाच्या तपस्व्याने धीर दिला, त्याची ही फेड, अशी आख्यायिका आहे. दानिईलची समाधी चर्चमध्येच आहे. बाहेरची चित्रे मात्र १५४७ची. धर्मगुरू ग्रिगोरे रोश्का याने पुढे ओसरी वाढवली आणि तिची दारे दोन बाजूंना ठेवली. त्यामुळे पश्चिमेची अख्खी भिंत कोरी मिळाली. ना दार, ना खिडकी. तिच्यावर एकच विषय रंगवला: अंतिम निवाडा.

येशूच्या पायांपासून आगीची लाल नदी निघते आणि थेट नरकात उतरते. खाली जंगली श्वापदे आपण खाल्लेल्या माणसांचे हातपाय तोंडात धरून परत करायला आली आहेत. हरणाकडे तेवढे परत करण्यासारखे काही नाही. आणि शिक्षेची वाट पाहणाऱ्या घोळक्यात पगडीवाले तुर्क आहेत! त्या काळी मोल्दाविया तुर्की सुलतानाला खंडणी भरत होता. प्रार्थना चाले चर्च-स्लाव्होनिक भाषेत, ती शेतकऱ्याला कुठून कळणार? भिंत कळत होती. मला तर ही भिंत धर्मग्रंथापेक्षा चावडीवरच्या बातमीच्या जास्त जवळची वाटते.

सगळ्यामागे तो निळा. ‘व्होरोनेत्स निळा’ असे त्याला नावच पडले आहे. अझुराइट या तांब्याच्या खनिजापासून तो केलेला. पावणेपाचशे वर्षे उघड्यावर राहून तो टिकला, यात रुंद वळचणीचे श्रेय मोठे. उत्तरेच्या भिंतीला मात्र वारा-पावसाने सोडलेले नाही. तिथे आदम सैतानाला दस्तऐवज लिहून देतो तो प्रसंग निरखून पाहावा लागतो.

१७८५ साली हाब्सबर्ग राजवटीने मठ बंद केला. तो पुन्हा जागा झाला थेट १९९१ साली, जोगिणी राहायला आल्यावर. आता पूजेच्या वेळी त्यांच्यापैकी एक जण लांब लाकडी फळी खांद्याशी धरून, तिच्यावर हातोडीने ठेका धरत चर्चला फेरी घालते. आधी सावकाश, मग झपाझप. या फळीला ‘तोआका’ म्हणतात. घंटेपेक्षा कोरडा, पण दूरवर जाणारा आवाज.

जाणार असाल तर दुपार कललेली बरी, पश्चिमेच्या भिंतीवर तेव्हा ऊन येते. चपला काढायच्या नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची, बायकांनी डोके झाकायचे. आणि मेणबत्ती लावण्याआधी खणावरची पाटी वाचा. ‘व्ही’चा खण जिवंतांसाठी असतो, ‘मोर्त्स’चा गेलेल्यांसाठी.