जिल्हाधिकाऱ्यांसमोर बाजू मांडण्याआधी

ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते. तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. सातारा-सांगलीतल्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांना तिथे पीडित कुटुंबाची बाजू मांडायची वेळ येते. बोलायला मिळतात मोजकी मिनिटे. ती वाया गेली, तर कुटुंब पुढच्या बैठकीपर्यंत ताटकळते.

मनाची तयारी कागदापासून सुरू होते, असे आम्हाला वाटते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर त्यांनी साक्ष दिली तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. हाती आकडेवारीसह लेखी निवेदन होते. सायमन कमिशनलाही मे १९२८ मध्ये निवेदन गेले आणि साक्ष झाली २३ ऑक्टोबरला, पुण्यात.

आपला कागद एकाच पानाचा असावा. गुन्हा कधी नोंदला, कलमे कोणती, दोषारोपपत्र ६० दिवसांत गेले का, अर्थसाहाय्याचा कोणता हप्ता थकला आणि नेमकी मागणी काय. ‘फार अन्याय झाला’ म्हटले की साहेब नुसती मान डोलावतात. ‘आज ९४ वा दिवस आहे, दोषारोपपत्र नाही’ म्हटले की फाइल मागवावी लागते.

हे पान आधी त्या कुटुंबाला वाचून दाखवा. काय बोलायचे आणि काय नाही, हे त्यांनी ठरवायचे. घरातली ताई स्वतः बोलणार असेल तर नेत्याने गप्प बसावे. (हे आपल्याला सर्वात जड जाते.) मग विहारात सराव करा. एकाने अधिकारी होऊन मध्येच तोडावे, उलट प्रश्न विचारावेत. राग येईल, यावाच. पण त्या सकाळी दहा मिनिटे आनापानसती केली, तर रागातही तारीख चुकत नाही.

शरीराकडे मात्र आपले लक्षच नसते. आदल्या दिवशी घोषणा, रात्री फलक रंगवणे, सकाळी घसा बसलेला. जत-आटपाडीहून सांगलीला किंवा माण-खटावहून साताऱ्याला उपाशीपोटी पहाटेची एसटी धरायची आणि दुपारी चक्कर यायची! ती रात्र झोपेसाठी ठेवा. भाकरी खाऊन निघा, पाण्याची बाटली घ्या, घसा जपा.

निघताना निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि आपला मुद्दा इतिवृत्तात आला का, हे आठवड्याभरात जाऊन बघा.